चाळणीतली दुधाची पिशवी

दुधाची भरलेली पिशवी साबणाने धुऊन चाळणीत उभी केली, की पाणी आधी भराभर निथळतं. मग वेग कमी होतो. शेवटी पिशवीच्या वरच्या जोडाच्या कोपऱ्यात एकच थेंब उरतो आणि तो काही केल्या पडत नाही. स्वयंपाकघरात वारा नसेल तर तिथल्या तिथे लहान होत जातो, आणि वाळल्यावर त्याच्या जागी साबणाचा पांढुरका ठिपका राहतो.

तो थेंब वाळेपर्यंत माझी आई पिशवीला हात लावत नाही. तोवर चहाही नाही.

"पुसून घे ना फडक्याने," मी म्हटलं.

"फडकं कुठं कुठं फिरलेलं असतं," आई म्हणाली. "तुला कुठं जायचंय? रविवार हाय की."

मी तळवड्याला राहते, तिथल्याच एका प्रयोगशाळेत पाण्याचे आणि रंगांचे नमुने तपासते. दर रविवारी कासारवाडीला आईकडे येते. त्या दिवशी जिन्यातच मला शेजारच्या मोनिकाने गाठलं होतं. ती चाकणला वायरिंगच्या कारखान्यात कामाला, तिचा नवरा नवनाथही कारखान्यातच. कडेवर तिची मुलगी, तिच्या ओढणीचा कोपरा चोखत.

"ताई, हिला सांभाळण्याबद्दल काकूंना विचारलंत का? आज माझी रजा संपते. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. नवनाथची पण तीच."

"आई काय म्हणाली?"

"महिनाभर एकच. बघू." मोनिका हसली, पण ते हसू टिकलं नाही. "सासूबाईंना गावाकडून येता येत नाही. मोठ्या पाळणाघरात सहाला कुणी दार उघडत नाही. काकू हो म्हणाल्या तर ठीक, नाहीतर उद्या राजीनामाच द्यायचा. तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

माझं आई कधीच ऐकत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

आमच्या दोन खोल्यांत पूर्वी आईचं पाळणाघर होतं. मी शाळेत होते तेव्हा सुरू झालं आणि मी नोकरीला लागले तरी चालूच होतं. कारखान्यात जाणाऱ्या जोडप्यांची मुलं पहाटे झोपेतच आमच्याकडे यायची. आई त्यांना तशीच सतरंजीवर ओळीने निजवायची आणि उठतील तसतसं तोंड धुऊन द्यायची. सुमनताईंकडे ठेवलंय म्हटलं की आसपासच्या चाळींत पुढचं कुणी विचारत नसे. मग दोन हजार वीसच्या मार्चमध्ये तिने सगळ्यांना सांगितलं, थोडे दिवस नका आणू. छोट्या गाद्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. साथ संपली, मुलं शाळेत जाऊ लागली, त्यांच्या मागून जन्मलेलीही जाऊ लागली. गाद्या माळ्यावरच राहिल्या.

त्या मार्चमध्ये मी दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि टाळेबंदीत अडकले. माझं लग्न झालेलं नव्हतं, प्रयोगशाळा बंद होती. बाबांची कंपनीही बंद होती, आणि हे मी जन्मल्यापासून पहिल्यांदा घडत होतं.

बाबा, म्हणजे ज्योतीराम, चाकणला गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये होते. तिथे गाडीच्या दारावर रंग चढताना धुळीचा एक कण खाली सापडला तरी दार नापास होतं. त्या कणाला ते 'दाणा' म्हणायचे. म्हणून आत जाताना वेगळे कपडे, अंगावर वाऱ्याचा झोत, पायाखाली चिकट चटई. डोक्याला तेल लावलेला माणूस दारातूनच परत. हे सगळं बाबांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की सुट्टीच्या दिवशी ते आमच्या गोदरेजच्या कपाटावरून सहज तळवा फिरवत आणि म्हणत, "सुमन, दाणा आहे."

साथ आली आणि बाबांना घरातच पेंट शॉप मिळालं.

पहिल्याच दिवशी त्यांनी दाराच्या आत हातभर जागा सोडून फरशीवर लाल चिकटपट्टी मारली. पट्टीच्या अलीकडे मळकं, पलीकडे स्वच्छ. मग पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून दारात चिकट चटई तयार केली. आई दूध आणायला खाली निघाली, आणि तिच्या चपला त्या पुठ्ठ्यावरून निघेनात. आई तशीच अनवाणी निघाली आणि जिन्यातून म्हणाली, "चपला तुमच्या कंपनीलाच देऊन टाका आता!" समोरचे भिमाजीकाका, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांच्या दारातून ओरडले, "ज्योतीराम, भावा, उंदीर किती सापडले?"

चटई दुसऱ्या दिवशी गेली. पट्टी राहिली.

हात किती वेळ धुवायचे हेही बाबांनी ठरवलं होतं. टीव्हीवर सेकंद सांगायचे, पण बाबांना सेकंद मोजणं पटत नसे. मोजताना माणूस घाई करतो, असं त्यांचं मत. त्यांनी लोणावळा लोकलची स्टेशनं लावली. साबण हाताला लागला की दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. वडगाव, कान्हे, कामशेत झालं की नळ सोडायचा. अंगठे राहिले असतील तर मळवलीपर्यंत. लोकल बंद होत्या. रुळांकडून एरवी येणारा आवाज थांबल्यामुळे रात्री झोप लागत नसे. पण आमच्या मोरीत दिवसातून कितीतरी वेळा कामशेत यायचं. आई मधली दोन-चार स्टेशनं गाळायची. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "ही फास्ट गाडी कुठून सोडली?"

माझं काम द्रावणं करायचं होतं. ब्लीचिंगचं पाणी, फरशीचं पाणी, भाजीसाठी खायच्या सोड्याचं पाणी. मी बाटल्यांवर नावं आणि तारखा लिहायची. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही, एवढा एकच नियम माझा होता आणि तो बाबांनी मोडला नाही. बाकी ते माझ्या नकळत प्रयोग करायचे. एकदा औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांनी कंपनीत दारं पुसतात तशा थिनरच्या फडक्याने पुसल्या. अक्षरं साफ गेली. आईच्या थायरॉइडच्या आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन्ही पांढऱ्या आणि दोन्ही पट्ट्या आता सारख्याच चकचकीत.

"आता कोणची कोणाची?" आईने विचारलं.

"चव घेऊन बघ."

"तुमी बघा. मी मेले तर ह्या पोरीला स्वयंपाक येत नाही."

मी दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि नव्या आणायला निघाले. परत आले तेव्हा दोघं मोरीपाशी पाटावर समोरासमोर बसली होती, मधे टब. बाबा एकेक भेंडी धुऊन तिच्याकडे देत होते आणि ती पुसून परातीत ठेवत होती. गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी कोथिंबिरीच्या जुड्या टांगलेल्या. ओल्या कोथिंबिरीचा, डेटॉलचा आणि उन्हाचा मिळून एक वास होता. तो मला आजही ओळखता येईल, पण तयार करता येणार नाही. लोकांच्या लेखी ते वर्ष वाईट होतं. मला ते आठवलं की आधी भेंडी पुसणारी आई आठवते.

मग कंपनी सुरू झाली, बाबा बसने चाकणला जाऊ लागले. आल्यावर पट्टीच्या अलीकडे कपडे उतरवून थेट मोरीत. पुढच्या वर्षी पाडव्याच्या सुमारास त्यांना ताप आला. त्यानंतरचं मी लिहीत नाही. पिंपरीतल्या दवाखान्याच्या फाटकापर्यंतच आम्हाला जाता आलं होतं.

आईने मात्र काहीच बदललं नाही. लाल पट्टी झिजली की ती नवी लावते. नाणी धुते, भाजी सोड्यात घालते, दुधाची पिशवी चाळणीत उभी करते. नातेवाईक यायचे हळूहळू कमी झाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी समजूत अशी होती, की या धुण्यापुसण्यात ती बाबांच्या सोबत असते. खरं सांगायचं तर ते बघायला मला आवडायचंही.

थेंब वाळला. आईने पिशवी कापली, दूध तापवायला ठेवलं.

"मोनिकाला काय सांगू?" मी विचारलं.

"बघू म्हणून सांग."

"उद्या तिला कामावर जायचंय. आता बघू नाही चालणार."

"मग नाही म्हणून सांग."

"तू सांग. ती दारात येऊन उभी राहील, तिच्या तोंडावर सांग."

आई पाठमोरी होऊन ओटा पुसू लागली.

"तुला मुलं नको झालीत का?"

"लेकरं नको होतील व्हय मला?" ती एकदम वळली. "लेकरू म्हणजे काय पिशवी हाय, धुऊन चाळणीत उभं करायला? ते रांगणार, दाराला तोंड लावणार, माझं बोट चावणार. मी कुठं कुठं बघू? एकदा राहिलं की राहिलं."

"काय राहिलं?"

दूध वर आलं. तिने गॅस बारीक केला.

"पाडव्याच्या आधी. ह्यांची गाडी लवकर होती आणि दूधवाला उशिरा आला. मी तशीच पिशवी फोडली, चहा केला. हे बूट घालता घालता म्हणाले, धुतलीस का गं. मी म्हणलं, हो. पुढं चारच दिवसांत ताप."

इतकी वर्षं मी दर रविवारी तिच्याकडे बघत होते, आणि जे बघत होते त्याला चुकीचं नाव देत होते.

"बाबांना पिशवीतून नाही झालं, आई."

"तुला काय माहीत?"

"नक्की कुठून झालं ते मलाही माहीत नाही. पण तो विषाणू श्वासातून पसरायचा. बंद जागेत, माणसं जवळ बसून बोलली की. बाबा रोज भरलेल्या बसमध्ये बसत होते, काचा लावलेल्या. पिशवी, भाजी, नाणी, त्यातून होण्याची शक्यता फार थोडी. आणि ते दूध तू उकळलंही होतंस."

"मग आपण वर्षभर धूत काय बसलो होतो?"

हाच प्रश्न मला नको होता. याच्यामुळेच मी कधी विषय काढला नव्हता.

"सुरुवातीला कुणालाच माहीत नव्हतं. नंतर कळलं. मी बाबांना सांगितलं होतं, गॅलरीत."

"ह्यांना माहीत होतं?"

"हो. म्हणाले, तिला सांगू नको. तीस वर्षं मी शिफ्टला आणि ती मुलांत. आता कुठं दोघं एका टबात हात घालून बसतोय. बसू दे."

आईने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती, म्हणजे दोन्ही करत होती.

"काय माणूस!" ती म्हणाली. "अगं, मला कंटाळा यायचा भेंड्या पुसायचा. ह्यांच्या जिवाला घोर नको म्हणून पुसायची मी. कंबर धरायची माझी."

"मग बोलायचं ना."

"काय बोलायचं? इतकं मन लावून धुवायचे." तिने दुधाचं पातेलं उतरवलं, चहाचं आधण ठेवलं, त्यात साखर घातली आणि चमचा हातातच धरून उभी राहिली. "म्हणजे त्या पिशवीनं नाही?"

"नाही."

"तू म्हणतेस म्हणून, का तुझ्या शिक्षणात तसं हाय?"

"शिक्षणात तसं आहे."

तिने मान हलवली. किती पटलं ते मला कळलं नाही. एका सकाळच्या बोलण्याने एवढ्या वर्षांचा भार जातो असं मी मानत नाही. चहा झाला, आम्ही तो प्यायलो. ती दुसऱ्याच गोष्टी बोलत होती, भिमाजीकाकांच्या गुडघ्याच्या, पाण्याच्या वेळेच्या. मग बेल वाजली.

मोनिका मुलीला घेऊन दारात होती. पट्टीच्या बाहेरच थांबली, तिला सवय होती.

"काकू, ताई बोलल्या असतील. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, राग नाही. फक्त आज सांगा. मला सुपरवायझरला फोन करायचाय."

आई तिच्याकडे न बघता मुलीकडे बघत होती. मुलगी आईच्या बांगड्यांकडे.

"काय खाते?"

"भाताची पेज. वरणाचं पाणी. बाटलीतलं दूध."

"बाटली बंद कर. बाटलीच्या बुचात घाण राहते, कितीबी धू. वाटी-चमच्यानं पाजायचं. आणि नखं बघ हिची! शेतात कामाला जाते व्हय?"

मोनिका गोंधळली. "कापते, काकू. झोपली की कापते."

"रात्री झोपू देते का?"

"कुठलं! नवनाथ तर गच्चीवर जाऊन झोपतो."

"बरा हाय की नवनाथ," आई म्हणाली. मी हसले तशी मोनिकाही हसली, आणि लगेच गंभीर झाली, कारण उत्तर अजून मिळालं नव्हतं.

आईने हात पुढे केले. मुलगी आधी मागे सरली, मोनिकाच्या खांद्यात तोंड लपवलं, मग एका डोळ्याने बघितलं. आई हात तसेच धरून उभी राहिली. घाई केली नाही. हे तिला येतं, पूर्वीपासून येतं. थोड्या वेळाने मुलगी स्वतःच तिच्याकडे झुकली.

"वजनाला बरी हाय," आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता मला हाक मारली. "विजू, माळ्यावरच्या गाद्या खाली काढ. आज ऊन लागू दे त्यांना." मग मोनिकाला म्हणाली, "येताना तुझेबी हात धुऊन येत जा, आणि हिचेबी. सर्दीचं माणूस घरात असलं तर आधी सांगायचं. आणि उद्या सकाळी घेऊन ये हिला. मी सांभाळते."