आरसे जुळवून दाखवाल का?

तिनं त्या माणसाला ब्लॉक केलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. लगेच पुन्हा उचलून पाहिला. नवीन कुणी आलं नव्हतं. पुन्हा पालथा घातला.

"गेला?" बाल्कनीतून नवऱ्यानं विचारलं.

"गेला कसला, घालवला. चुकून जास्त पैसे पाठवलेत म्हणे, वरचे परत करा. खात्यात छदाम आलेला नाही आणि हा परत मागतोय. तेही माझ्याकडे!"

बँकेत फसवणुकीच्या तक्रारींची खिडकी तिच्याकडे होती. काचेपलीकडे दिवसभर रडवेली माणसं. कुणी पैसे मिळणार म्हणून कोड स्कॅन केलेला, कुणी फोनवरच्या गोड आवाजाला सगळं सांगून मोकळा झालेला. ऑफिसात तिला 'फौजदारीणबाई' म्हणत. थट्टेनं म्हणत, पण जुनी सायकल विकायची झाली तरी सल्ला तिचाच घेत. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, वस्तू न बघता घेतो म्हणणारा चोर, अनोळखी माणसाला घरचा पत्ता द्यायचा नाही. हे ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती.

त्यामुळे नवऱ्याची दुर्बीण विकायची जबाबदारी आपसूक तिच्यावर आली. चांगली खांद्याला लागेल एवढी उंच नळी, आणि तिच्या तळाशी त्यानं स्वतःच्या हातांनी घासून तयार केलेला आरसा. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. दिवसा जमिनीच्या रेषा ओढायच्या आणि अंधार पडला की मान वर करून बसायचं, असं त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मग नजरेच्या मधोमध एक धूसर डाग आला. कडेकडेचं दिसायचं, जे बघायचं तेच नेमकं पुसलं जायचं. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता तो म्हणाला होता, "दुर्बीण देऊन टाकू कुणाला तरी."

ती हो म्हणाली. पण फोटो काढायला तिला सवडच मिळेना. शेवटी एकदाची जाहिरात टाकली आणि तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. कुकरची शिटी झाली तरी फोन, कपडे वाळत घालताना फोन. येईल ते गिऱ्हाईक म्हणजे तिला आपल्या खिडकीशी आलेल्या एखाद्या केसमधला चोरच वाटे. पॅसेजमधून जाताना नळीला पाय ठेचकाळला की ती नळीवरच करवादायची, आणि मग पदरानं तिच्यावरची धूळ पुसायची.

"त्या बेकरीवाल्याचं काय झालं गं?" नवरा आत आला. हल्ली तो भिंतीला बोटं लावत चालायचा, पण सहज लावल्यासारखं दाखवायचा.

"कोण बेकरीवाला?"

"परवा तूच वाचून दाखवलंस की. पहाटे भट्टी पेटवायला उठतो, तेव्हा आकाश बघतो म्हणाला होता तो."

"त्याला कधीच ब्लॉक केलं."

"का?"

"का म्हणजे? घरी येतो म्हणत होता. मी म्हटलं, चौकातल्या हॉटेलात भेटू. तर म्हणे दुर्बीण हॉटेलात कशी बघणार. ओळखपत्राचा फोटो मागितला, तर तोही दिला लगेच. एवढ्या पटकन कोण देतं? वर आणखी विचारतो, आरसे जुळवून दाखवाल का? असलं कुणी विचारतं का?"

तो खुर्ची चाचपून बसला. 

"ज्याला दुर्बीण हवी असते, तोच हे विचारतो," तो म्हणाला. "चोराला आरसे कशाला लागतील? त्याला तुझं खातं पुरतं."

तिनं टेबलावरचा स्वच्छ पेला उचलला, बेसिनकडे नेला आणि पुन्हा धुतला.

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस, फौजदारीणबाई." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "मला घाई पैशांची नाहीये गं. तळाचा मोठा आरसा आणि वरचा छोटा, दोन्ही एका रेषेत जुळवायला शिकवावं लागतं. नाहीतर नेणारा दोनदा बघेल, सगळं फुटकं दिसेल आणि माळ्यावर टाकून देईल. मला अजून थोडं जमतंय तोवर कुणाच्या तरी हाती देऊ दे. पुढच्या वर्षी मी काय सांगणार त्याला?"

पेला विसळून झाला होता तरी नळ चालूच होता. तिला एकाएकी स्वतःचीच लाज वाटली. तिला ती विकायचीच नव्हती. दुर्बीण दाराबाहेर गेली की डॉक्टरांचं बोलणं खरं होणार, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यापायी ती कुणालाही उंबऱ्याशी येऊ देत नव्हती. नियमांचं नाव नुसतं पुढे केलं होतं. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि बेकरीवाल्याला ब्लॉकच्या यादीतून मोकळं केलं. 'दुर्बीण अजून आहे. घरी येऊन बघा,' असं लिहिलं.

उत्तर येईना. ती बाल्कनीत गेली, आत आली, पडदा सारखा केला, पुन्हा बाल्कनीत गेली. शेवटी फोन वाजला.

"ताई, रागावू नका," पलीकडून आवाज आला, "पण आधी तुम्ही माझी कुंडली मागितलीत, मग ब्लॉक केलंत, आणि आता स्वतःहून बोलावताय. मी एकदा चांगला फसलोय. कॅमेऱ्याचे पैसे भरले आणि घरी विटेचा तुकडा आला. तुम्हीच कशावरून तसल्या नाही?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला चोर ठरवत होतं. कानशिलं तापली, पण माणसाचं काही चुकत नव्हतं. तिनं असंच बोलायला लोकांना शिकवलं होतं.

"काय करू म्हणजे खात्री पटेल?"

"व्हिडिओ लावा. आणि आरसे जुळवून दाखवा. ते खोटं करता येत नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं बनियनवर शर्ट चढवला, केसांवरून हात फिरवला आणि दुर्बीण खिडकीजवळ ओढून आडवी केली. पडद्यावर पिठानं पांढरे झालेले हात आणि एक गोल, घामेजलेला चेहरा दिसला. मागे पत्र्याच्या ट्रेंचा खडखडाट चालला होता.

"मोठ्या आरशाच्या मधोमध एक छोटी चकती चिकटवलीय," नवरा शिकवायच्या सुरात सांगू लागला. "नळीच्या बाजूला हे भोक आहे. यातून बघायचं. चकतीच्या आत काळा ठिपका आला की आरसे जुळले. मागचे हे तीन स्क्रू हळूहळू फिरवायचे. घाई केली की बोंबललंच."

तो भोकाला डोळा लावायचा, वाकून स्क्रू फिरवायचा, पुन्हा डोळा लावायचा. मान जराशी तिरपी करायचा, मग दुसऱ्या बाजूला तिरपी करायचा. बेकरीवाला मध्येमध्ये विचारत होता, तो उत्तरं देत होता. इतक्या आनंदात तिनं त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"हं. बसला बघा अगदी मधोमध," तो सरळ होत म्हणाला. "दाखव गं त्यांना."

तिनं फोन भोकाशी धरला. पडद्यावर आरसा आला, आरशावरची चकती आली. काळा ठिपका चकतीच्या बाहेर होता. थोडाथोडका नव्हे. तिच्यासारख्या अडाण्यालाही कळावं इतका, पार कडेला गेलेला.

 फोन खाली पाडावा, बॅटरी संपली म्हणावं, काहीतरी करावं असं तिला झालं. पण पलीकडच्याला दिसलं होतं. तिथला ट्रेंचा खडखडाटही थांबला होता. नवरा हात पुसत उभा होता, कान फोनकडे लावून.

"काय हो?" त्यानं विचारलं. "दिसतंय ना?"

"दिसतंय की काका," बेकरीवाला म्हणाला. "बरोब्बर मधोमध. मान गये तुम्हाला. उद्या दुपारी भट्टी उरकली की येतो. फक्त मला ते स्क्रूचं नीट शिकवा हं, माझा हात जड आहे. चार वेळा यावं लागलं तरी येईन."

खोटं बोलणाऱ्याचा आवाज तिला शंभर माणसांत ओळखू आला असता. तिचा पगारच त्याचा होता. तिनं पडद्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि पिठाळ मनगटानं त्यानं डोळ्याची कड पुसली.

"या," ती म्हणाली. "पत्ता पाठवते."

फोन बंद झाला. नवरा स्क्रूंवरून अजून बोटं फिरवत होता.

"तू पण पाहिलंस ना गं? बसला होता ना?"

"हो," ती म्हणाली. "अगदी मधोमध."