बारा दिवसांची सुट्टी

"पाय सरळ कर बेटा. अजून थोडा."

दिव्यानीने दात आवळले. गुडघा जरासा हलला आणि तिथेच अडला. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी कोन मोजायची पट्टी लावली, आकडा लिहिला. तिची आई उर्वशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

सहा वर्षांच्या दिव्यानीला सांध्यांचा जुना आजार. गोंडपिपरीहून आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला आणायचं, फिजिओथेरपिस्ट तहसीनबाईंकडून व्यायाम करून घ्यायचा, रोज सकाळी घरीही करायचा. एवढ्यावर पोरीचं चालणं टिकून होतं. खर्च नवऱ्याच्या, अजयच्या नोकरीतला विमा देई. मग विमा कंपनीचा फॉर्म आला: मुलीची सध्याची स्थिती? उर्वशीने पेन उचललं, तशी सासू म्हणाली, "लेकराच्या नावानं वंगाळ लिहू नोको वो. नजर लागते." बी.ए. झालेल्या उर्वशीचाही हात धजेना. तिने लिहिलं, 'बरी आहे.'

पंधरा दिवसांत पत्र आलं. बरी आहे, तर उपचार कशाला? मंजुरी बंद.

"बरी हाय लिवायले कोनं सांगतलं तुमाले, भाभी?" तहसीन कपाळावर हात मारून म्हणाली. "व्यायाम हाय म्हनून बरी हाय! परत अर्ज केला, त आता बारा दिवसांनी त्यांचा डॉक्टर तपासन. अन् ही त्याच्यासमोर टुणटुण चालत गेली, त झालंच कल्याण!"

ती चिडून बोलून गेली. उर्वशीच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं.

"आजपासून व्यायामाले सुट्टी," तिने घरी सांगितलं.

"सच्ची?" दिव्यानीने टाळ्या पिटल्या.

पाचव्या दिवशी ती खाटेवरून घसरत खाली उतरली. नवव्या दिवशी सकाळी स्वतःच चटई ओढत आणली. "आई, आज बी सुट्टीच काय? पाय दुखून राह्यला."

"अजून तीन दिवस," उर्वशी म्हणाली आणि चटई गुंडाळून ठेवली.

"व्यायाम कधीपासून बंद आहे?" आता डॉक्टर विचारत होते.

"बारा दिवस. मंजुरी नव्हती ना," उर्वशी म्हणाली. पत्र हाती आल्यावरही आठ दिवस व्यायाम चालू होता, हे ती बोलली नाही.

डॉक्टरांनी जुन्या मापांचा कागद शेजारी ठेवला. "थांबवलं की मागे जाते, हे स्पष्टच आहे. वर्षभराची शिफारस करतो. आधीच नीट लिहायचं होतं ताई. लेकराला उगाच त्रास झाला."

"आईले रागावू नका," दिव्यानी खालच्या आवाजात म्हणाली. "आज मलेच जमलं नाई."

उर्वशीने तिला झटकन कडेवर घेतलं. जिन्याशी येताच पोरगी चुळबुळली. "उतरव ना मले. मी चालतो."

उर्वशीने तिला उतरवलं. दिव्यानीने दोन्ही हातांनी कठडा धरला. एक पायरी. थांबली. मग दुसरी. मागून येणारा माणूस खोळंबला.

"तुमी व्हा भाऊ पुढं," उर्वशी भिंतीला चिकटत म्हणाली. "आमाले वेळ लागन."