बोर्डावरच्या अक्षता

या, असे जवळ सरकून बसा. कामोठ्याच्या दमयंतीआत्यांची गोष्ट सांगायची आहे. पोथीतली नाही, पण कीर्तनात सांगितली तर बुवांनाही हसू आवरणार नाही.

दोन हजार सतराची खंडेनवमी. आत्यांनी सकाळीच कोयता, विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा उरकली. वाटीत अक्षता उरल्या आणि आत्या हात आवरीनात.

"आता फ्रीजला निवद दाव," त्यांचे यजमान काशिराम पेपराआडून म्हणाले.

"तुमी गप बसा. यंत्र हाय, त्याचा मान नको?"

टेबलावर रियाचा मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, उघडाच होता. रिया म्हणजे आत्यांची भाची, कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहिलेली. परवा रविवारी खारघरला गेमिंगची स्पर्धा होती आणि कॉम्प्युटर आजच जोडायचा होता. आत्या बघतच राहिल्या. काळाभोर बोर्ड, जड कार्ड पेलायच्या खाचेला पोलादी कड, तारा जोडायच्या जागेवर धातूचं झाकण. एवढी निगुतीनं केलेली वस्तू, आणि तिला कुंकवाचं बोटही नाही? त्यांनी कोपऱ्याला बोट लावलं आणि वरून चिमूटभर अक्षता टाकल्या.

दुपारी रियानं सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. मेमरीच्या पट्ट्यांशेजारी तेवढा एक बारीक पिवळा दिवा लागला.

"हा दिवा लागला म्हणजे मेमरीत लोचा आहे," रिया म्हणाली. तिनं पट्ट्या दोनदा काढून बसवल्या. तरी तेच. शेवटी तिनं पनवेलच्या दुकानदाराला, जीवनला, फोन लावला. "दादा, खराब बोर्ड दिलास तू मला!"

"अगं, मी तपासून दिलाय! आता सोमवारीच बदलून मिळेल."

"सोमवारी घेऊन काय करू? स्पर्धा रविवारी आहे!" रियाचे डोळे भरले.

आत्यांना सकाळच्या अक्षता आठवल्या. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. पण तिकडे जीवन बिचारा बोलणी खात होता.

"रिया, त्याला नको बोलू गो. सकाळी मीच तिथं अक्षता टाकल्यात."

"बोर्डावर? आत्या!"

"परत उचलल्या होत्या मी. आठ-दहा असतील. मोजल्या नाय."

रियानं पट्ट्या पुन्हा काढल्या आणि टॉर्च धरला. दुसऱ्या खाचेच्या तळाशी एक पिवळा दाणा आडवा बसला होता. आत्यांनी भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. दाणा निघाला, पट्टी खटकन बसली, पडदा उजळला.

"बघ, देवानं प्रसाद परत धाडला," काशिराम म्हणाले. आत्यांनी ऐकलंच नाही. रियानं फोन कानाला लावला होता, "सॉरी जीवनदादा," आणि दुसऱ्या हातानं आत्यांना घट्ट धरलं होतं.

तो बोर्ड आखताना कुणीतरी विचार केला असेल, की एखाद्या घरी पोर रडकुंडीला येईल, तिला दुखणं कुठं आहे ते दाखवावं. आणि तिथं तो दिवा बसवला असेल. त्या माणसाचं नाव ना आत्यांना ठाऊक, ना आपल्याला. आज सांजवात लावाल तेव्हा त्याची आठवण काढा, मंडळी.