खटकणारा फोटो

नवापूरजवळच्या त्या गावात मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं तापाने आजारी पडत होती, आणि ताप आणणारी डाकीण दिव्यनेत्र महाराज आज हुडकून देणार होते.

"मी कोणाकडे बोट दाखवत नाही!" महाराज गरजले. "देवी तुमच्याच डोळ्यांत उतरते. मी फक्त पडदा सारतो!"

एवढा नम्र माणूस पडद्यामागे चेला मात्र लपवून ठेवत होता.

फळीवर गावातल्या काही बायकांचे फोटो होते आणि वर महाराजांचा. लोकांनी ते नीट पाहून घेतले. पडदा पडला, शंख वाजला, पडदा उघडला.

"कोणता फोटो खटकतो?"

"गंगीबाईना फोटो!" भाईदास उठला. त्याचा मुलगा तापाने फणफणत होता. "काय व्हयनं ते समजत नही, पण दखताच अंगवर काटा उना!"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

गंगीबाई एकटी राहणारी विधवा. रस्त्यालगतचं शेत आश्रमाला द्यायला तिने नुकताच नकार दिला होता. ते मात्र कोणाला खटकलं नाही.

"हिला गावाबाहेर काढा," महाराज म्हणाले. "शेताची शुद्धी आम्ही करू."

दोघांनी तिला धरून ओढलं. "मी काय वाईट करं, ते तरी सांगा!" ती किंचाळली.

आजारी पोरांना तपासायला आलेली डॉक्टर लिडिया गर्दीतून पुढे घुसली. "सोडा तिला! आधी मला पडदा सारू द्या. देवी खरी असेल तर माझ्या हातूनही कौल देईल."

महाराज अडवायला धावले, पण लोकांनाच उत्सुकता लागली होती. लिडिया पडदा ओढून त्याच्याआड गेली आणि थोड्या वेळाने तिने पडदा उघडला.

"आता सांगा."

लोक गोंधळले. म्हातारी सुंदरबाई चाचरत म्हणाली, "माय, आते ते महाराजनाच फोटो खटकस!"

"काय बदललं त्यात?"

"ते नही सांगता येत."

"मग महाराज डाकीण का?"

मंडपात हशा पिकला. लिडियाने महाराजांच्या फोटोवरची कातडीच्या रंगाची चिकटपट्टी सोलली. खाली कानातली बाळी दिसली. मग तिने चेल्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्याच्याजवळ गंगीबाईचा आधीचा, खरा फोटो होता. फळीवरचाही दिसायला तसाच, पण त्यात एक भुवई किंचित वर चढवलेली आणि एका कानातलं फूल गायब.

"पण मन्हा अंगवर खरंच काटा उना!" भाईदास हट्टाने म्हणाला.

"आला असेल, भाईदासभाऊ. डोळ्यांसमोर काही बदललं की मेंदू ते टिपतो. पण काय बदललं, हे दरवेळी आपल्याला कळतंच असं नाही. नुसतं चुकल्यासारखं वाटतं. या भामट्याने त्या वाटण्याला देवीचं नाव दिलं. तुमच्या पोराचं रक्त तपासायला हवं. चला."

महाराज मंडपाच्या मागून सटकत होते. लोकांनी त्यांना धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. भाईदास गंगीबाईसमोर हात जोडून उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओढाताणीत तुटलेल्या माळेचे मणी वेचून ती घरी गेली.

मनात काही खटकलं, तर त्याचं कारण शोधा. ते सापडत नसेल, तर मला माहीत नाही असं म्हणा. त्यात लाज नाही. लाज आहे ती न कळलेल्या गोष्टीपायी एका बाईला गावाबाहेर ओढण्यात.