हॅस्केटच्या लॅबमधलं लोखंड

प्रोफेसर लोवेल हॅस्केट यांच्या लॅबमध्ये कचरा मोजायची एक रीत होती. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा झाला, तो आकडा दर शुक्रवारी फळ्यावर लिहायचा. त्यांची विद्यार्थिनी मारित एंगेब्रेट्सन हिचा आकडा होता ०.४. मिनेसोटातल्या त्या विद्यापीठात एवढा लहान आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता. माल शुद्ध करायला दर खेपेला चार लिटर हेक्झेन हे द्रावक ओतावं लागे, ते मात्र यात धरत नसत. "जेवणानंतरची भांडी कोणी स्वयंपाकात धरतं का?" असं हॅस्केट विचारत, आणि नवीन विद्यार्थी मान हलवत.

प्रक्रिया सांगायला सोपी होती. अल्कीनमध्ये दोन कार्बन दुहेरी बंधानं जोडलेले असतात. त्या बंधावर हायड्रोजन चढवायला सगळं जग पॅलेडियम हा धातू वापरतं. ते महाग, आणि थोडंसं मिळवायलाही डोंगर उकरावा लागतो. मारित वापरायची लोखंडाचा साधा क्षार, पाणी आणि वर हायड्रोजनचा फुगा. संध्याकाळपर्यंत चौऱ्याण्णव टक्के माल हातात. हॅस्केट व्याख्यानात खिशातून गंजका खिळा काढून दाखवत, टाळ्या पडत, आणि हरित रसायनशास्त्राचा एक पुरस्कार त्यांच्या दाराशी येऊन उभा असल्याची कुजबुज होती.

मारितला पुरस्काराशी घेणंदेणं नव्हतं. तिला सहाव्या वर्षी तरी पीएचडी हवी होती. प्रबंधाच्या तीन प्रकरणांपैकी सगळ्यात मोठं याच लोखंडावर उभं होतं, आणि तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

तेवढ्यात याच लोखंडावर नियतकालिकाकडे पाठवलेला पेपर तपासणाऱ्या परीक्षकानं अट घातली, की हाच प्रयोग दुसऱ्या कोणीतरी करून दाखवावा. काम क्वेबेकहून नुकत्याच आलेल्या तिएरी गान्यों या पीएचडी झालेल्या संशोधकाकडे गेलं. त्याला मिळालं शून्य. पुन्हा केलं, पुन्हा शून्य.

"याला हात लागतो," हॅस्केट म्हणाले आणि निघून गेले.

तिएरी मारितच्या बाकापाशी आला. "आता माझ्या हातांची अब्रू तुझ्या हातात आहे बाई. तुझा फ्लास्क दे, तुझं लोखंड दे, तुझं पाणी दे. फुगासुद्धा तूच भर."

"भरते. पण मग शून्य आलं तर माझ्या फुग्याला नावं ठेवायची नाहीत."

शून्यच आलं. शेजारी मारितनं स्वतः लावलेल्या फ्लास्कमध्ये मात्र चौऱ्याण्णव. दोघं दुपारभर एकेक वस्तू ताडून बघत बसली. शेवटी तिएरीनं फ्लास्कच्या तळाकडे बोट दाखवलं.

"तुझी ही कांडी एवढी काळवंडलेली का गं?"

फ्लास्कमध्ये मिश्रण ढवळायला एक चुंबकाची कांडी टाकतात. बोटाच्या पेराएवढी, वरून टेफ्लॉनचं कवच. खालचं यंत्र तिला गरागरा फिरवतं. तिएरीची कांडी नव्या खोक्यातली, पांढरीशुभ्र होती. मारितची लोणच्याच्या रिकाम्या बरणीतली होती, करडी, ओरखडे पडलेली. ती बरणी तिला आधीच्या विद्यार्थिनीनं दिली होती, तिला तिच्या आधीच्यानं. दोघांनी मिळून आठ वर्षं पॅलेडियमवर काम केलं होतं. त्याचे कण त्या ओरखड्यांत रुतून बसले असणार.

मारितनं एक सोडून सगळ्या करड्या कांड्या अम्लराजात टाकल्या. या आम्लात सोनंसुद्धा विरघळतं. दुसऱ्या दिवशी त्या धुतलेल्या कांड्यांनी शून्य दिलं. उरलेली न धुतलेली कांडी घेऊन तिनं लोखंड न घालताच प्रयोग लावला. त्र्याण्णव टक्के.

"मग लोखंड इतके दिवस करत काय होतं?" तिएरीनं विचारलं.

"आयत्या पिठावर रेघोट्या."

हॅस्केटनी आकडे दोनदा वाचले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर जास्तच हरित झालं! इतकी वर्षं पुन्हापुन्हा वापरलेला उत्प्रेरक! फक्त शीर्षक बदलू."

"लोवेल, लोकांनी तो आणायचा कुठून? आपण बरणी विकायला काढणार का?"

हॅस्केट क्षणभर खरोखरच त्यावर विचार करत होते. "बरं. कांडी कुठली वापरली, हे आजवर कोणी पेपरात लिहिलंय?"

"नाही."

"मग तूच का लिहिणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि परीक्षकाला शून्य आलं तर?"

"त्याच्या लॅबमध्ये काय जुन्या कांड्या नसतील?"

हे मात्र खरं होतं, आणि मारितला तेच सहन होईना. कुठल्या तरी गावी, नवं खोकं उघडणाऱ्या गरीब लॅबमध्ये कोणीतरी महिनोन्‌महिने शून्य मोजत बसेल, आणि त्याचा प्रोफेसर म्हणेल, याला हात लागतो.

"मी प्रबंधात लिहिणार आहे," ती म्हणाली.

"मग त्या प्रकरणात उरतं काय?"

"एवढंच, की लोखंड काही करत नाही."

"समितीनं नापास केलं तर सातवं वर्ष नाही हं. तुझ्या मानधनाची सोय मेपर्यंतच आहे."

"माहीत आहे."

परीक्षेच्या दिवशी तिनं सगळं सांगितलं. पडद्यावर करडी कांडी, पांढरी कांडी, आकडे. पुढे हॅस्केटसह चार जण बसले होते. अध्यक्ष व्हर्ना स्टॅडलर यांची तीस वर्षं दुहेरी बंधांवर गेली होती, आणि त्या एरवी विद्यार्थ्याला पाणी पिऊ देत नसत. पहिल्या दोन प्रकरणांवर प्रश्नांचा भडिमार झाला. तिसऱ्यावर कोणी तोंड उघडलं नाही. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं.

एरवी निकाल ठरवायला पंधरा मिनिटं लागतात. वीस झाली, तीस झाली. तिएरी डोनटचं खोकं घेऊन उभा होता.

"अजून बोलवत नाहीत म्हणजे गेलं रे सगळं," मारित म्हणाली.

"एक खा. नापास माणसालाही भूक लागते."

पन्नासाव्या मिनिटाला दार उघडलं. स्टॅडलर एकट्याच बाहेर आल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

"ते अम्लराज," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कांड्या त्यात किती तास ठेवल्यास?"

"रात्रभर. पण डॉक्टर स्टॅडलर, माझं काय झालं?"

"तुझं होय? पास. सह्या पहिल्या दोन मिनिटांतच झाल्या." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "बाकीचा वेळ आम्ही आपापल्या जुन्या पेपरांतल्या कांड्या आठवत होतो."