विठाच्या खांद्यातली सुई

मी एक जुनी सुई आहे, आणि आता वाकडी आहे. मित्रांनो, सुई म्हटली की तुम्हाला शिवणकाम तरी आठवते, नाहीतर दवाखान्यातले इंजेक्शन. माझा दोन्हींशी संबंध नाही. मला नेढे नाही आणि माझ्या पोटात औषधही नाही. मी केसासारखी बारीक, भरीव पोलादाची आहे. दुखणाऱ्या अंगात नेमक्या जागी टोचून मला थोडा वेळ तशीच ठेवतात. एवढेच माझे काम.

चीनमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घासून घासून घडवले. शांघायला एका सिंधी व्यापाऱ्याच्या रेशमाच्या दुकानात लोकूमल नावाचे कारकून होते. त्यांची धरलेली कंबर शेजारच्या चिनी वैद्याने सुया टोचून मोकळी केली आणि पुढे ती विद्याही त्यांना शिकवली. निरोप देताना वैद्याने मला आणि माझ्या बहिणींना डबीत घालून त्यांच्या हाती सोपवले. फाळणीनंतर लोकूमलदादा आपल्या माणसांना शोधत निर्वासितांच्या कल्याण कॅम्पात आले. त्याचेच पुढे उल्हासनगर झाले. लष्कराच्या जुन्या बराकीत, गोणपाटाच्या पडद्याआड आमचे काम सुरू झाले. दादा आम्हाला पाण्यात उकळत, स्पिरिटने पुसत. कॅम्पातली माणसे कण्हत येत आणि बरे वाटले की पापडांची चळत ठेवून जात. तेव्हा मी जरा चढूनच गेले होते.

एके सकाळी जांभूळ गावाहून बनूबाई आपल्या सुनेला, विठाला, बैलगाडीतून घेऊन आल्या. विठाचा उजवा हात खांद्यातून वर जाईना. तिची तान्ही चिमी तिच्याकडे झेप घेई, पण विठाला तिला उचलता येत नसे. पोर सारखी आजीच्या कडेवर. हल्ली तर तिने आईकडे झेपावणेच सोडले होते, आणि तेच विठाला आतून खात होते.

"सुईतून औषध सोडनार का, दादा?" विठाने घाबरत विचारले.

"दवा नहीं है इसमें, बेटी. पहले चींटी काटेगी, फिर भारी-भारी लगेगा. बस, हिलना नहीं."

दादांनी तिला स्टुलावर बसवले. दोन बहिणींमागून मी खांद्यात शिरले आणि मला लगेच कळले, काहीतरी बिनसले आहे. तिची कातडी गार पडत चालली होती. मानेवरून घामाचे ओघळ आले, ओठ पांढरे झाले. तरी ती गप्प. सासूसमोर तोंड कसे उघडणार? दादा वळून पुढची सुई पुसत होते. तेवढ्यात विठा स्टुलावरून कलंडली.

"मारली रं माझ्या सुनंला! सुयांनी मारली!" बनूबाईंनी हंबरडा फोडला.

सारी बराक धावून आली. कोणी विठाला ओढून बसते करू लागला, कोणी नाकाशी धरायला कांदा फोडला. आणि मित्रांनो, मी अजून आतच होते! हाताला हिसका बसला नि मी वाकले. आणखी एक हिसका, की माझा तुकडा तिच्या खांद्यातच राहिला असता. मला हात नाहीत, तरी मी जीव मुठीत धरून होते.

"हाथ मत लगाओ!" दादा गरजले. त्यांनी मला अलगद काढले, मग बहिणींना. विठाला जमिनीवर आडवे करून पायांखाली उशी दिली. डोळे काही उघडेनात. चिमी रडू लागली. कितीतरी वेळाने पापण्या हलल्या, आणि दादांनी तिला घोट घोट साखरपाणी पाजले.

"सुबह क्या खाया था?"

"काय बी नाय," बनूबाई म्हणाल्या. "कालपासनं कडक उपास धरायला लावला तिला. औषध अनशापोटीच लागू पडतं ना!"

दादांनी कपाळाला हात लावला. गावात वैद्याची पुडी रिकाम्या पोटीच घेत, आणि कॅम्पातले लोक सकाळी दाल-पकवानाची भरपेट न्याहारी हाणूनच येत. त्यामुळे दादांनी हे कधी कोणाला विचारलेच नव्हते. चुकले दोघांचेही, भोगले मात्र विठाने.

"पुन्ना पाय नाय ठेवायचा इथं," बनूबाई उठल्या.

"मी येनार," विठा पडल्या पडल्या म्हणाली. "चिमीला उचलायचंय मला."

पुढच्या खेपेला दादांनी आधी विचारले, "खाना खाया?" बनूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि सुनेकडे पाहिले.

"अर्दीच भाकर खाल्ली. आजून भूक हाय," विठा म्हणाली.

बनूबाईंनी फडके सोडून तिला भाकरी दिली. दादांनी या वेळी तिला खाटेवर निजवून सुया लावल्या. मी त्यांत नव्हते. वाकलेली सुई सरळ करून वापरली तर आत तुटते, म्हणून दादांनी मला बाजूला ठेवले होते. मला फार वाईट वाटले.

त्या दिवशी हात वर गेला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. पण एकदा सुया काढून झाल्या आणि विठा उठून बसली, तर आजीच्या कडेवरून चिमी आपण होऊन आईकडे झेपावली. विठाने दोन्ही हात पुढे केले. वेदनेने तिचा चेहरा पिळवटला, पण तिने पोरीला खाली पडू दिले नाही. छातीशी धरून ती मोठ्याने रडली, आणि बनूबाई पदराने दोघींचे डोळे पुसत राहिल्या.

म्हणून सांगते मित्रांनो, अशा उपचाराला जाल तेव्हा उपाशी जाऊ नका. भूक असेल, चक्कर येत असेल, भीती वाटत असेल, तर बोला. आणि बरोबरच्या मोठ्या माणसांनो, दुखणे ज्याचे आहे त्यालाच उत्तर देऊ द्या. विठाच्या अंगात काय चालले होते ते मला सगळे कळत होते, पण मला तोंड नव्हते. तिला होते.