पाय असलेली अक्षरं

बेचाळीस वर्षांची झाली तरी घरचे तिला ठमीच म्हणत. अक्षरं काढणं हा तिचा धंदा. पाटीवरची, बाटलीवरची, पुस्तकावरची जी अक्षरं आपण वाचतो आणि विसरून जातो, ती आधी कुणीतरी बसून काढलेली असतात. ते कुणीतरी म्हणजे ठमीसारखी माणसं. विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांची एक नवी कंपनी निघाली, तिनं ‘उद्याच्या जगातली वाटतील अशी’ अक्षरं मागितली, आणि ठमीनं आठ महिने दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

अक्षरं ऐसपैस झाली. उंचीच्या दुप्पट रुंदी, आतल्या पोकळ्या बसच्या खिडक्यांसारख्या गोलसर, आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला सपाट, जाड पाय.

कंपनीच्या साहेबांनी ती मोठ्या पडद्यावर पाहिली. “झकास. फक्त हे पाय छाटून टाका. उद्याचं जग म्हणजे कसं, सगळं गुळगुळीत पाहिजे.”

“उद्या माणसं कशावर उभी राहणार आहेत, साहेब?”

साहेब हसले. मग टेबलाभोवतीचे बाकीचे हसले.

ठमीनं बिनपायांचा नमुनाही करून आणला होता. तो तिनं शेजारी लावला. “बघा. एवढं रुंद अक्षर टेकायला जागा नसली की सांडल्यासारखं दिसतं. नजर घसरून जाते.”

“मला तर हेच आवडलं.”

“मग ते माझं नाही.”

“बाई, दोन दिवसांच्या कामासाठी कशाला हट्ट करता?”

“दोन तासांचं काम आहे. मी करणार नाही. करारात लिहिलंय, नामंजूर झालेली अक्षरं ती काढणाऱ्याच्या मालकीची. तसं लिहून द्या.”

साहेबांनी तिथल्या तिथे चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि कागद तिच्याकडे सरकवला. ती जिना उतरू लागली. आठ महिने पाण्यात गेले, हे तिला कळत होतं. तरी कागदाची घडी मात्र तिनं नीट घातली.

तिथून ती थेट मावशीकडे गेली. मावशीचं टायरचं दुकान एका अरुंद रस्त्याच्या कडेला होतं. मावशी पाना बाजूला न ठेवता सगळं ऐकत राहिली आणि म्हणाली, “तुझा तो साहेब जाऊ दे. माझी पाटी कुणाला दिसत नाही, त्याचं बघ. गाड्या पुढे निघून जातात आणि मग माणसं मला फोनवर झापतात.”

ठमी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुकानाची चाळीस फूट लांब भिंत रस्त्याला समांतर होती. येणाऱ्याला ती तिरकी, मिटल्यासारखी दिसे. साधं अक्षर तिथे काडीएवढं होऊन जाई. तिच्या रुंद अक्षराचं तसं होणार नव्हतं. तिरकं पाहिलं की ते आक्रसून नेमकं बेताचं दिसणार होतं.

मावशीला ‘टायर दुरुस्ती व हवा’ एवढं सगळं हवं होतं. मोजल्यावर भिंतीवर ‘टायर’ तेवढं मावलं.

“हवेचं काय?” मावशीनं विचारलं.

“टायर म्हटल्यावर हवा आलीच.”

भिंत रंगवायला बोलावलेले पेंटरकाका तीन दिवस शिडीवर होते. पाय रंगवताना कुरकुरत होते, पण चौथ्या दिवशी स्वतःच लांब वळणापर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, “तिथून वाचता येतं. पायांमुळे ओळ धरून राहते.” मावशीचे फोन थांबले.

दोन महिन्यांनी या भिंतीबद्दल ऐकून साहेब स्वतः दुकानाशी आले, तेव्हा ठमी तिथेच होती. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलेली बसगाड्यांवरची गुळगुळीत अक्षरं थांब्यावरच्या माणसांना वाचता येत नव्हती. ते भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“पायांसकट घेतो,” ते म्हणाले. “मात्र ती आमच्याशिवाय कुठे दिसता कामा नयेत. ही भिंत पुसावी लागेल.”

मावशीनं ठमीला कोपऱ्यात ओढलं. “पुसून टाक गं. माझ्यापायी एवढं मोठं काम घालवू नकोस. मी आपली जुनी पाटी लावीन.”

ठमीला मोह झाला नाही असं नाही. शहरभर धावणाऱ्या गाड्या, त्यांवर आपली अक्षरं.  मग ती साहेबांकडे वळली.

“भिंत राहील. अक्षरं तुम्हाला हवी तर तुम्हीही घ्या, आणि उद्या दुसऱ्या कुणी मागितली तर त्यांनाही देईन.”

“टायरच्या दुकानात आणि आमच्या गाडीवर एकच अक्षर?”

“हो. वाचणारी माणसं तीच आहेत.”

साहेब गाडीत बसून निघून गेले. त्यांच्या बसगाड्यांवर पुढे तिसरीच कसलीशी अक्षरं आली. ठमीला वाईट वाटलं. चार दिवस तिनं कामाला हात लावला नाही. 

पाचव्या दिवशी भिंतीवरची अक्षरं पाहून अग्निशमन केंद्राच्या बाई विचारायला आल्या. त्यांना लांबलचक दारांवर केंद्राचं पूर्ण नाव हवं होतं. ठमीनं केंद्रावर जाऊन दारांना टेप लावला आणि मोजता मोजता सांगून टाकलं, “एक शब्द मावेल. कुठला ते तुम्ही ठरवा. पाय कापायचे नाहीत.”

बाई म्हणाल्या, “कापायला सांगितलंय कुणी?” आणि टेपचं दुसरं टोक धरायला पुढे झाल्या.